पर्यटकाचा रुपया कुणाच्या खिशात थांबतो?

तुमचा प्रश्न असा आहे: राष्ट्रीय पर्यटन धोरणातून सर्वसमावेशक आर्थिक विकास होतो असं प्रत्येक सरकारी कागदात लिहिलेलं असतं, पण मुंबईत आणि मुंबईच्या आसपास फेरीवाला, लाँचवरचा खलाशी, गाइड, घरगुती खानावळ चालवणारी बाई यांच्यापर्यंत तो विकास पोहोचतो का? आणि पोहोचत नसेल तर धोरणात नेमकं काय कमी पडतं?

मी मुंबईतून परदेशी आणि देशी पर्यटकांच्या सहली बसवण्याचं काम करत आलो. आता कोकणातल्या न्याहारी निवासवाल्यांना हिशेब, बुकिंग, कर्जाचे कागद यांत मदत करतो. तुम्ही अर्थशास्त्राच्या शोधनिबंधासाठी विचारताय, तेव्हा व्याख्या तुमच्याकडे असतीलच. मी धंद्याच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पर्यटनाचा पैसा खाली झिरपतो, हे खरं आहे. पण किती झिरपेल हे तीन गोष्टींवर ठरतं: परवाना कुणाच्या नावावर आहे, पर्यटक रात्री कुठे झोपतो आणि तिकिटाची रक्कम कोणत्या खात्यात जमा होते. आपली धोरणं या तिन्हींवर जेमतेम दोन ओळी लिहितात आणि पर्यटक किती आले हे मोजण्यात पानंच्या पानं घालवतात.

आकड्यांपासूनच सुरुवात करू. 2019 मध्ये भारतात सुमारे 1 कोटी 9 लाख परदेशी पर्यटक आले. 2020 मध्ये ते 27 लाखांवर घसरले. देशांतर्गत पर्यटनाच्या भेटी मात्र 2019 मध्ये 232 कोटी होत्या आणि 2023 मध्ये 250 कोटींवर गेल्या. यावर वर्तमानपत्रात मथळे होतात. मला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा, जो मथळ्यात येत नाही. पर्यटन मंत्रालय पर्यटनाचा जो स्वतंत्र हिशेब मांडतं, त्यात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष धरून देशाच्या उत्पन्नात पर्यटनाचा वाटा 5 टक्क्यांच्या आसपास, आणि रोजगारातला वाटा 12-13 टक्क्यांच्या आसपास दिसतो. भाषणात या दुसऱ्या आकड्यावर टाळ्या पडतात. पण दोन्ही शेजारी ठेवून साधा भागाकार करा. बारा-तेरा टक्के माणसं मिळून पाच टक्के उत्पन्न निर्माण करतात, म्हणजे या क्षेत्रातल्या माणसामागे पडणारं मूल्य देशाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. रोजगार भरपूर, पण हलका, हंगामी, बिनकागदाचा. सर्वसमावेशकतेची चर्चा इथून सुरू व्हायला हवी. माणसं आत आहेतच. ती कोणत्या दराने आत आहेत हा प्रश्न आहे.

आता धोरणाबद्दल. स्वतंत्र भारताचं पहिलं पर्यटन धोरण 1982 चं, एशियाडच्या वर्षातलं. दुसरं 2002 चं. त्यात पर्यटनाला आर्थिक वाढीचं इंजिन म्हटलं होतं आणि स्वागत, सूचना, सुविधा, सुरक्षा, सहयोग, संरचना, सफाई असे सात 'स' दिले होते. ऐकायला छान. त्यात सहभाग हा आठवा 'स' नव्हता, हे मी त्या काळी मीटिंगमध्ये थट्टेने म्हणायचो. 2002 नंतर मसुदे फिरले, सूचना मागवल्या गेल्या, पण प्रत्यक्ष पैसा वाहिला तो योजनांमधून: 2014-15 पासून स्वदेश दर्शन (पर्यटन परिपथांसाठी) आणि प्रसाद (तीर्थस्थळांसाठी), नंतर स्वदेश दर्शन 2.0. पहिल्या स्वदेश दर्शनवर कॅगने 2023 मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात जो आक्षेप घेतला तो मुळावरचा आहे: योजना सुरू करण्याआधी व्यवहार्यतेचा अभ्यासच केलेला नव्हता. आम्हाला जमिनीवर तो दिसायचा तो असा, की समुद्रकिनारी स्वच्छतागृह बांधलं जायचं, पण त्याला पाणी कोण देणार आणि झाडू कोण मारणार हे ठरलेलं नसायचं.

केंद्राच्या धोरणाला आणखी एक मर्यादा आहे, ती निबंधात जरूर लिहा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पर्यटन हा विषय म्हणून कुठल्याच सूचीत नाही. देशांतर्गत तीर्थयात्रा राज्य सूचीत, धर्मशाळा-खानावळी राज्य सूचीत, मोठी बंदरं आणि राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं केंद्राकडे. याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते पाहायचं तर अपोलो बंदरावर जाऊन उभं राहा. गेटवे ऑफ इंडिया राज्य पुरातत्त्व खात्याचं. लाँचचे परवाने मेरीटाइम बोर्डाचे. फूटपाथ महापालिकेचा, बंदोबस्त पोलिसांचा. गळ्यात कॅमेरा आणि बॅगेत छोटा प्रिंटर घेऊन फिरणारा फोटोवाला या सगळ्यांच्या मर्जीवर. लाँचमध्ये बसून तासाभरात पलीकडे घारापुरी (एलिफंटा) बेटावर उतरलात की लेणी केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची, गाव रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. दिल्लीत लिहिलेलं वाक्य इतक्या टेबलांवरून फिरून खाली येतं तोवर त्यात वाक्यच उरतं.

घारापुरीवर मी जरा जास्त थांबतो, कारण तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर त्या एका बेटावर आहे.

लेणी 1987 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या. तिथे समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. मधली 31 वर्षं जगभरातले पर्यटक येत-जात राहिले आणि गावात संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा. गेटवेपासून दहा-अकरा किलोमीटरवर. पर्यटन आलं की मागोमाग विकास येतो, असं कुणी म्हटलं की मी ही तारीख सांगतो.

आता एका पर्यटकाचा पैसा धरून चाला. लाँचचं भाडं लाँचमालकांच्या व्यवस्थेत गेलं. त्यातून खलाशांचे पगार निघतात, डिझेल निघतं. वरच्या डेकवर बसायचे वेगळे पैसे. उतरल्यावर धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी. तिथे ग्रामपंचायत पाच-दहा रुपयांची पावती फाडते. लेण्यांचं तिकीट भारतीयाला 40 रुपये, परदेशी माणसाला 600. ही रक्कम पुरातत्त्व सर्वेक्षणामार्फत केंद्राच्या संचित निधीत जमा होते. त्यातला ठरलेला असा हिस्सा गावाला परत येत नाही. ज्या लेण्यांमुळे सगळे येतात त्या लेण्यांच्या तिकिटातून गावाला काही नाही, आणि गावाची कमाई त्या पाच-दहा रुपयांच्या पावतीवर.

मग पायऱ्या. दोन्ही बाजूंना निळ्या ताडपत्रीखाली दुकानं. माळा, पितळेचे हत्ती, जाळीकाम केलेले दगडी डबे, टोप्या. यातला बहुतेक माल बेटावर तयार होत नाही, घाऊक बाजारातून येतो. दुकानदाराच्या हातात पडतं ते फक्त वरचं मार्जिन, आणि तेही परदेशी पाहुण्याशी घासाघीस करून उरेल तेवढं. बेटावरचं स्वतःचं असं काय विकलं जातं? मीठ-तिखट लावलेली कैरी, काकडी, पेरू, मक्याचं कणीस, लिंबू सरबत. हे विकणाऱ्या बायकांची टोपली छोटी असते, पण त्यातला रुपया जवळजवळ पूर्ण गावात राहतो. नऊवारी नेसून डोक्यावर हंडे घेऊन फोटोला उभ्या राहणाऱ्या बायकाही भेटतील. त्यांच्याबद्दल काहींना संकोच वाटतो. मला विचाराल तर ती तिथली सर्वांत सरळ देवघेव आहे: पैसा पर्यटकाच्या हातातून थेट त्यांच्या हातात, मध्ये कुणी नाही.

आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास शेवटची लाँच सुटते. बेटावर पर्यटकाला मुक्काम करता येत नाही. या एका गोष्टीने गावाच्या कमाईला छत घातलं आहे. पर्यटनात खरा पैसा मुक्कामाचा असतो: रात्रीचं जेवण, खोली, सकाळचा चहा-पोहे, दुसऱ्या दिवशीची भटकंती. दिवसाचा पर्यटक पाण्याची बाटली आणि एखादी माळ घेतो. सुरक्षेची आणि वारसा जपण्याची कारणं मला मान्य आहेत, बेट लहान आहे, पाणी मोजकं आहे. पण मोजक्या घरांना, मोजक्या खाटांना परवानगी, तीही फक्त तिथल्या रहिवाशांच्या नावावर, असा मधला रस्ता काढता येतो की नाही, यावर धोरणात चर्चाच नाही. सोमवारी लेणी बंद, म्हणजे गावाचाही बिनपगारी सोमवार. पावसात समुद्र खवळला की लाँच बंद. वर्षातले किती दिवस प्रत्यक्ष धंद्याचे, ते तिथल्या कुणालाही विचारा.

घारापुरीवरूनच परवान्याचा मुद्दा येतो. कोविडच्या काळात, जून 2021 मध्ये, केंद्राने पर्यटन क्षेत्रासाठी हमी असलेली कर्ज योजना जाहीर केली. प्रवास कंपन्यांना 10 लाखांपर्यंत, गाइडला 1 लाखापर्यंत. चांगली योजना, माझ्या ओळखीच्या काही गाइडना आधार झाला. पण ती होती मान्यताप्राप्त गाइडसाठी, सुमारे 10,700 जणांसाठी, आणि नऊशेच्या वर नोंदणीकृत व्यावसायिकांसाठी. देशभरात आठ आकडी माणसं ज्या धंद्यावर जगतात त्यातले अकरा-बारा हजार! फेरीवाल्यांसाठी त्याआधी पंतप्रधान स्वनिधी योजना आली होती, सुरुवातीला 10 हजारांचं कर्ज. ती शहरी फेरीवाल्यांसाठी. घारापुरी ही ग्रामपंचायत. मुंबईच्या गेटवेवरून आलेल्या पर्यटकाला माळ विकणारी बाई कागदावर ग्रामीण, म्हणून स्वनिधीत नाही. नोंदणीकृत पर्यटन व्यावसायिक नाही, म्हणून तिकडेही नाही. कुणी तिला मुद्दाम वगळलं नाही. दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर होत्या आणि ती दोन्हींच्या मधल्या फटीत होती. असा समावेश भाषणाने होत नसतो, यादी दुरुस्त करावी लागते.

अलीकडे या दिशेने थोडं काम सुरू झालंय, तेही सांगायला हवं. सप्टेंबर 2024 मध्ये मंत्रालयाने पर्यटन मित्र आणि पर्यटन दीदी हा उपक्रम काढला. ओरछा, गंडीकोटा, बोधगया, ऐझॉल, जोधपूर आणि श्री विजयपुरम (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) या सहा ठिकाणी टॅक्सीवाले, रिक्षावाले, हॉटेलातली माणसं, दुकानदार, विद्यार्थी यांना प्रशिक्षण देऊन पर्यटनाच्या साखळीत ओळख द्यायची अशी कल्पना. मुंबई त्यात नाही. असायला हवी होती, असं माझं मत. प्रशिक्षणाने माणसाला बिल्ला मिळतो आणि बिल्ला असला की फूटपाथवरून कुणी सहज उठवत नाही. प्रशिक्षणाचा खरा फायदा बऱ्याचदा एवढाच आणि एवढा मोठा असतो.

परवान्याचं सर्वांत चांगलं उदाहरण माथेरानचं. मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच. पुढच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं पायी, घोड्यावर किंवा माणसाने ओढलेल्या हातरिक्षात. लाल मातीच्या चढावर पुढे एक, मागे ढकलायला आणखी कुणी, आणि आत बसलेलं कुटुंब. ई-रिक्षांचा प्रयोग डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, वाद कोर्टात गेले. 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही म्हणत ती सहा महिन्यांत बंद करायला सांगितली. इथवर सगळ्यांनी वाचलं. पुढचा भाग महत्त्वाचा आहे. ई-रिक्षा कुणाला मिळणार हेही कोर्टाने सांगितलं: आधी खरोखर रिक्षा ओढणाऱ्यांना, ते कोण हे देखरेख समितीने ठरवायचं, उरलेल्या स्थानिक आदिवासी महिला आणि इतर गरजूंना. नमुना म्हणून गुजरातमधल्या केवडियाचं उदाहरण दिलं, जिथे आदिवासी महिला ई-रिक्षा चालवतात. निधी नाही ही सबब चालणार नाही, असंही बजावलं.

विचार करा, नुसतं "माथेरानमध्ये पर्यावरणपूरक वाहतूक सुरू करावी" असं धोरण असतं तर काय झालं असतं. टेंडर निघालं असतं, एखाद्या ठेकेदाराने पन्नास गाड्या आणल्या असत्या, कालचा रिक्षा ओढणारा आज त्याच्याकडे रोजंदारीवर ड्रायव्हर झाला असता, किंवा तेही नाही. कागदावर तीही प्रगतीच. परवाना ओढणाऱ्याच्या नावावर, ही एक ओळ घातली की त्याच बदलाचा पैसा वेगळ्या घरात जातो. घोडेवाल्यांचा प्रश्न अजून उभाच आहे, त्यांच्या पोटावर येणारी गोष्ट ते सहज मान्य करणार नाहीत आणि त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही.

आता मुक्काम आणि घर. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राज्यांच्या भागीदारीत 50 पर्यटनस्थळं विकसित करायची घोषणा झाली आणि होमस्टेसाठी मुद्रा कर्ज देण्याचंही जाहीर झालं. महाराष्ट्राचं 2023 चं 'आई' धोरण महिलांच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा देतं. योजना म्हणून मला दोन्ही आवडतात. पण कोकणात कर्ज अडतं ते व्याजदरावर नाही, सातबाऱ्यावर.

तारकर्लीच्या बाजूच्या एका गावातलं घर सांगतो. बाई हुशार, हात चवीचा, मुलगा स्कुबाच्या बोटीवर. दोन खोल्या काढून न्याहारी निवास सुरू करायचं होतं. घर सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन कैक वर्षं झालेली. वारस म्हणून एक दीर गिरगावात, एक नालासोपाऱ्यात, नणंद डोंबिवलीत, आणि एका चुलत सासऱ्यांचं नावही सातबाऱ्यावर अजून तसंच. बँकेने सगळ्यांची संमती मागितली. गणपतीत सगळे गावी आल्यावर विषय काढला, तर गिरगावच्या दिराला वाटलं घर हातचं जातंय. भांडण नाही, पण सहीही नाही. शेवटी तिने बचतगटाकडून थोडे घेतले, दागिने ठेवले आणि एकच खोली काढली. आज ती खोली मे महिन्यात आणि दिवाळीत भरलेली असते. तिची दुसरी खोली व्याजाच्या परताव्याने उभी राहणार नाही. सामाईक घरातल्या राहत्या माणसाला, मालकी न बदलता, फक्त व्यवसायापुरता वापराचा हक्क सिद्ध करता येईल असा साधा नमुना हवा, जो बँक मान्य करेल. हे काम पर्यटन मंत्रालयाचं नाही असं उत्तर मिळतं. मग कुणाचं?

किनाऱ्यावर आणखी एक पेच असतो, सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांचा. इथे मात्र नियम लोकांच्या बाजूचा आहे आणि लोकांनाच माहीत नाही: 2019 ची किनारा नियमन अधिसूचना स्थानिकांना राहत्या घरात, जोतं आणि आराखडा न बदलता, होमस्टे चालवू देते. मी हा परिच्छेद छापून वाटतो.

सवलतींची रचनाही पाहा. राज्याचं 2024 चं पर्यटन धोरण दहा वर्षांत 1 लाख कोटींची गुंतवणूक आणि 18 लाख रोजगार असं उद्दिष्ट ठेवतं. अशा धोरणांत प्रोत्साहन बहुतेक दोन वाटांनी येतं: भरलेल्या राज्य जीएसटीचा परतावा आणि मुद्रांक शुल्कात सूट. मोठ्या रिसॉर्टला हे दोन्ही उपयोगी. पण सेवा व्यवसायात वर्षाला 20 लाखांपर्यंत उलाढाल असेल तर जीएसटी नोंदणीच लागत नाही. दोन खोल्यांचं न्याहारी निवास त्या मर्यादेच्या खूप खाली. ज्याने कर भरलाच नाही त्याला परतावा कसला देणार? उलट ऑनलाइन बुकिंगच्या मंचावरून पाहुणा आला, तर नोंदणी नसलेल्या घराच्या भाड्यावरचाही जीएसटी त्या मंचाला भरावा लागतो आणि तो शेवटी किमतीत चढतो. वर मंचाचं कमिशन, पुष्कळदा 15 ते 20 टक्के. लहान माणसाला करातून सूट आहे असं आपण समजतो, आणि तो बाजारात शिरतो त्या दारावरच कर उभा असतो. सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेवढी घट झाली. पण लहानांना हवं असतं ते वेगळंच: निवासी दराने वीज आणि घरपट्टी, गटाने घेतलेला विमा, आणि फोन उचलून बुकिंग घेईल असं तालुक्याच्या ठिकाणी एक माणूस.

मग कोणत्या पर्यटकाच्या मागे लागायचं? धोरणात अजूनही परदेशी पर्यटकाचं कौतुक जास्त, परकीय चलनामुळे. माझा अनुभव सांगतो की तो जास्त खर्च करतो, पण त्याचा बराच खर्च तो मुंबईत उतरण्याआधीच झालेला असतो: विमान, परदेशातली एजन्सी, पंचतारांकित हॉटेल. क्रूझचं तर विचारूच नका. बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं सप्टेंबर 2025 मध्ये उद्घाटन झालं. इमारत देखणी आहे, जहाजंही येतील. पण जहाजाचा पाहुणा वातानुकूलित बसमधून पाच-सहा तास फिरतो, महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाटाचे फोटो काढतो, खाली उतरत नाही आणि जेवायला जहाजावर परततो. घाटावर कपडे आपटणाऱ्याला त्यातून काय मिळालं? धोरणाने जहाजाच्या कंपनीला बंदर शुल्कात सवलत द्यावी, जरूर द्यावी. बदल्यात किनाऱ्यावरच्या सहलीचा ठरलेला हिस्सा स्थानिक गाइड, काळी-पिवळी आणि बचतगटांच्या जेवणातून जावा अशी अट घालावी.

माहीम कोळीवाड्यात महापालिकेने 2023 मध्ये बचतगटांच्या महिलांना घेऊन सी फूड प्लाझा सुरू केला, तो याचा बरा नमुना. कोळणींना स्वयंपाक शिकवायला नको, मासळी ओळखायला शिकवायला नको, जागाही त्यांचीच. शनिवार-रविवारी गाड्या लावायच्या कुठे, ओला कचरा रात्री कोण उचलणार, असल्या गोष्टींवर हे उपक्रम तगतात किंवा कोसळतात. देशी पर्यटक कमी खर्च करतो, पण वडापाववाला, लॉज, जीप, प्रसादाचं दुकान यांच्याकडे करतो. नाशिकच्या सिंहस्थाला येणारा भाविक कुठल्याच जाहिरातीत नसतो, त्याचा पैसा मात्र गल्लीपर्यंत जातो.

बाहेरची दोन उदाहरणं पुरेत. केरळने 2008 च्या सुमारास कुमरकोममध्ये हॉटेलांना भाजी, अंडी, मासे कुटुंबश्रीच्या महिला गटांकडून घ्यायला लावलं. यश आलं ते भाव ठरवणाऱ्या समितीमुळे: हॉटेलला रोज दर बदलण्याची भीती नको आणि शेतकरी बाईला रोज घासाघीस नको. सुरुवातीला माल कमी पडायचा, तेव्हा पंचायतीने पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या. 2017 पासून राज्यभर 'जबाबदार पर्यटना'चं स्वतंत्र मिशन आहे. दुसरं रवांडा. गोरिलांचं उद्यान धरून राष्ट्रीय उद्यानांच्या पर्यटन-उत्पन्नातला 5 टक्के हिस्सा 2005 पासून शेजारच्या गावांना, 2017 पासून 10 टक्के. आता हे घारापुरीच्या तिकिटाला लावून पाहा. दर तिकिटामागे चार रुपये, परदेशी तिकिटामागे साठ, ग्रामपंचायतीच्या स्वतंत्र खात्यात, ग्रामसभेने ठरवलेल्या कामासाठी. नवी योजना नको, नवी इमारत नको, उद्घाटन नको. कदाचित उद्घाटन नसल्यामुळेच होत नसेल.

राष्ट्रीय धोरण मला एका पानाचं चालेल, पण त्यात पैशाला जोडलेल्या अटी हव्यात. केंद्राचा निधी हवा असेल तर राज्याने त्या ठिकाणच्या परवान्यांची यादी जाहीर करावी: स्थानिक किती, महिला किती, दलित-आदिवासी किती. सिंधुदुर्गात निवृत्त युद्धनौका गुलदार समुद्रात ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलंय, केंद्राने 50 वर्षांच्या बिनव्याजी कर्जातून सुमारे 47 कोटी मंजूर केले आहेत. तिथे डुबकी मारायला नेण्याचे परवाने मालवणच्या पोरांना मिळतात की बाहेरच्या एकाच कंपनीला, एवढ्यावर त्या 47 कोटींचं अर्थशास्त्र फिरेल. हे आत्ता लिहून घेता येतं, नंतर नाही.

माझ्या क्षेत्रातले काही मित्र म्हणतात, इतक्या अटी घातल्या तर गुंतवणूकदार येणार नाही. काही प्रमाणात खरं आहे, दुर्गम भागात पहिल्या हॉटेलला मोकळीक द्यावीच लागते. पण गेटवे, माथेरान, तारकर्ली ही काही दुर्गम ठिकाणं नाहीत. तिथे गर्दी आपोआप येते; सरकारच्या हातात वाटपच उरतं.

निबंधासाठी एकच ठिकाण घ्या आणि पर्यटकसंख्येऐवजी खर्चाचा माग काढा. पन्नास-साठ पर्यटकांना परतीच्या लाँचमध्ये विचारा: कुठे किती दिले. मग तेवढ्याच विक्रेत्यांना विचारा: माल कुठून आणला, किती उरले. दोन्ही जुळवलंत की गळती कुठे आहे ते तुमचं तुम्हालाच दिसेल. सरकारी आकड्यांसाठी माहिती अधिकाराचे दोन वेगळे अर्ज करा: तिकिटाच्या उत्पन्नाचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे, आणि प्रवासी कराच्या पावत्यांचा घारापुरी ग्रामपंचायतीकडे. एकाच अर्जात दोन्ही विचारलंत तर अर्ध्या भागाला "आमच्याशी संबंधित नाही" असं उत्तर येईल आणि महिना फुकट जाईल.